कूलरला दर वेळी पाना लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत गाडीच्या देखभालीवर लेख आला. ऑइल बदलताना ऑइल कूलरही (इंजिनाचं तेल थंड करणारा भाग) दर वेळी सोडवून रिकामा करा, असं त्यात लिहिलंय. दोन गिऱ्हाइकं ते कात्रण घेऊन गॅरेजवर आली, म्हणून हे पत्र.

इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट काढून तेल सोडलं तरी कूलरमधलं आणि पायपांमधलं थोडं जुनं तेल आत राहतं, हे खरं. पण किती? माझ्याकडे येणाऱ्या डिझेल गाड्यांत पाच लिटरमागे पाव लिटर धरा, म्हणजे शंभरात ५ भाग. पुढच्या बदलीनंतर एकूण तेलात त्या जुन्या तेलाचा चारशेत एक भाग उरतो. एवढ्यानं इंजिनाचं काही बिघडत नाही. त्यापेक्षा इंजिन गरम असताना, गाडी सपाटीला लावून नट काढा आणि तेल ठिबकायचं थांबेपर्यंत वाट बघा. आमच्या धंद्यात तिथंच घाई होते.

जुन्या पोर्शे ९११ ची गोष्ट वेगळी. तिचं इंजिन मागे, कूलर पुढच्या चाकाजवळ, तेल दहा लिटरच्या वर. तिथं बरंच तेल मागे राहतं. आपल्याकडच्या बहुतेक डिझेल गाड्यांत कूलर फिल्टरच्या शेजारीच असतो, त्यातून इंजिन थंड ठेवणारं कूलंटचं पाणी फिरतं. तो सोडवला की पाणीही उतरवावं लागतं.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. २०११ च्या पावसाळ्यात, पुढे जाळीमागे कूलर असलेली एक गाडी आली होती. मालकाच्या आग्रहाखातर कूलरचे पाइप सोडवले. सांध्यातली नवी ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) मिळेना, जुनीच पुसून बसवली. नखानं दाबली तर खूण तशीच राहिली होती, ते दिसूनही बसवली. गळायला नको म्हणून नट जादा आवळला. ॲल्युमिनियमचे मऊ आटे ते, गेले! रत्नागिरीहून परतताना आंबा घाटात तेलाचा लाल दिवा लागला. वर आंबा गावात पोचून बघू म्हणून मालकानं गाडी चढवली, ती शेवटच्या वळणावर जाम झाली. मी पोचलो तेव्हा पावसात रस्त्यावर तेलाचा रंगीत पट्टा खालच्या वळणापर्यंत गेलेला. इंजिन उघडलं तर बेअरिंगांचा वरचा थर जाऊन तांबं दिसत होतं.

अशा वेळी मात्र कूलर काढायलाच हवा. बेअरिंगचा चुरा त्याच्या बारीक वाटांत बसतो, धुऊन पुरता निघत नाही आणि नव्यानं बांधलेलं इंजिन पुन्हा खातो. त्या गाडीला मी पदरचे पैसे घालून नवा कूलर बसवला. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला तरीही कूलर तपासून घ्यावा.

कृपया हा खुलासा त्याच पुरवणीत छापावा. आणि लाल दिवा लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा, पुढचं गाव कितीही जवळ असो, ही ओळ त्यात ठळक टाकावी.

आपला,
एक गॅरेजवाला मिस्त्री,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर