दक्षिणा न घेणाऱ्या बुवांस

आदरणीय बुवा, साष्टांग नमस्कार.

बाबा गेल्यावर आई एका बाहेरगावच्या महाराजांच्या नादी लागली होती. बडोद्यातल्या आपल्या दांडिया बाजारात हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तेव्हा लपवत नाही. बाबांना गती मिळालेली नाही, मोठी शांत करायला हवी, असं त्यांचं म्हणणं. खर्च आईच्या पेन्शनीत बसणारा नव्हता. मी भांडले की ती आणखी हट्टाला पेटायची. शेवटी तिला तुमच्या गुरुवारच्या दासबोधाला घेऊन आले.

त्या महाराजांबद्दल तुम्ही वावगा शब्द काढला नाहीत (मी त्याचीच वाट बघत होते). इतकंच म्हणालात, "वहिनी, त्यांना एकदा नाही म्हणून बघा. मग काय होतं ते सांगा." आईने फोनवर नाही म्हटलं. पुढे महाराज बोललेच नाहीत, शिष्याने घरावर येणारी संकटं मोजून दाखवली. आईने फोन ठेवला आणि कुकर लावला.

पण हे पत्र त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी आहे. आई तुमच्याकडेच अनुग्रह मागायला आली आणि तुम्ही तिला योगी विष्णू भास्कर लेल्यांची हकीकत सांगितलीत. सुरतेचं काँग्रेस अधिवेशन मोडल्यावर अरविंदबाबू, म्हणजे अरविंद घोष, बडोद्याला आले. त्यांच्या भावाने तार करून ग्वाल्हेरहून लेल्यांना बोलावून घेतलं. मुजुमदारांच्या वाड्यात तीन दिवस दोघे बसले आणि शिष्याचं मन शांत झालं. एवढा नावाजलेला शिष्य हाताशी आल्यावर दुसऱ्या कुणी मठ बांधला असता. लेल्यांनी निरोप घेताना विचारलं, आतून जो चालवतो त्याच्यावर सगळं सोपवता येईल का? येईल म्हटल्यावर, मग माझ्या सूचनांची गरज नाही, असं सांगून ते बाजूला झाले. १९०८ सालची ही गोष्ट.

मुंडकोपनिषदात गुरू श्रोत्रिय म्हणजे वेद जाणणारा आणि ब्रह्मनिष्ठ म्हणजे ब्रह्मात स्थिरावलेला असावा म्हटलंय. श्रोत्रिय कोण ते पंडित ठरवतील, ब्रह्मनिष्ठा आम्ही कशाने मोजायची? मात्र माणूस धरून ठेवतो की सोडतो, हे पेन्शनवाल्या बाईलाही कळतं. शिष्याकडून साधन करवून न घेणारे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकावेत, असं समर्थ सांगतात. तुम्ही अनुग्रह दिला नाहीत, पण दासबोधाचे समास मोठ्याने वाचायचं काम आईला लावून दिलंत. वीस दशक, दोनशे समास, आठवड्याला एक म्हटलं तरी जवळजवळ चार वर्षांची सोय. तिचा आवाज चिरका आहे, आणि तिला मध्येच टोकायची तुमची सवय मला अजूनही आवडत नाही. ती मात्र आदल्या रात्री ओव्या घोकून ठेवते. बाबांच्या वर्षश्राद्धाला घरच्या भटजींना बोलावलं, झालं.

तुम्ही दक्षिणेचं पाकीट परत केलंत, नारळ तेवढा ठेवून घेतलात. म्हणून हे आभार चारचौघांत मांडतेय. हेही परत कराल, पण तोवर लोकांनी वाचलेलं असेल.

आपली,
गुरुवारी मागच्या रांगेत बसणारी