पॅटबाई, तुम्ही नाव घेतलंत म्हणून

नॉक्सव्हिल, टेनेसी
28 जून

पॅटबाई यांस,
सा. न. वि. वि.

जग तुम्हाला टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमच्या कोच पॅट समिट म्हणून ओळखतं; तुमच्या टीममधल्या मुली मात्र तुम्हाला नुसतं 'पॅट' म्हणायच्या. मला ते जमायचं नाही. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंना 'बाई' म्हणतात. माझी आई सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत गणित शिकवायची, आणि निवृत्त झाल्यावरही सगळ्या पेठेसाठी ती बाईच राहिली. म्हणून तुम्हीही माझ्यासाठी पॅटबाईच.

2016 साली आजच्याच तारखेला तुम्ही गेलात, वयाच्या 64व्या वर्षी. पत्र तुमच्या हाती पडणार नाही हे मला कळतं. पण आमच्या घरात 2011 साली जे चाललं होतं ते आज आणखी कुणाच्या तरी घरात चाललं असेल, आणि तेही असंच दार लावून. म्हणून हे आभार मी उघडपणे मानते आहे.

आम्ही 2007 च्या हिवाळ्यात इथे आलो. नवऱ्याची नोकरी ओक रिजच्या बाजूला, आणि मी डिपेंडंट व्हिसावर घरी. एप्रिलमध्ये एका सकाळी पाहिलं, तर शेजारच्या दारांवर, गाड्यांवर, दुकानांच्या काचांवर सगळीकडे नारिंगी रंग. वाटलं, इथला काही सण असेल. शेजारणीने सांगितलं, आमच्या मुली जिंकल्या. तुमचं ते सातवं राष्ट्रीय विजेतेपद होतं. मुलींच्या कॉलेज टीमसाठी अख्खं गाव असं रंगलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

मी शाळेत बास्केटबॉल खेळायचे. डाव्या हातानेही बरा ड्रिबल करायचे. कॉलेजात गेले तर तिथे मुलींची टीमच नव्हती, आणि ती असायला हवी होती असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. त्यामुळे तुमची गोष्ट वाचायला घेतली तेव्हा पहिल्याच टप्प्यावर थबकले. क्लार्क्सव्हिलजवळचं शेत, तंबाखूची लागवड, गवताच्या गंज्या, तीन थोरले भाऊ आणि रात्री माळ्यावर त्यांच्याशी रंगणारा बास्केटबॉल. तिथल्या हायस्कूलला मुलींची टीम नव्हती, म्हणून तुमच्या वडिलांनी बिऱ्हाड हलवलं. मुलीला खेळता यावं म्हणून शेतकरी माणसाने शेजारच्या काउंटीत, हेन्रिएटाला, घर केलं. त्या एका वाक्यापाशी मी किती वेळ बसून होते ते सांगता येणार नाही.

मग तुमची सुरुवात. 1974 साली तुम्ही टेनेसी विद्यापीठात आलात त्या खरं तर पुढचं शिक्षण घ्यायला आणि मदतनीस म्हणून. आधीच्या कोच रजेवर गेल्या आणि 22व्या वर्षी टीम तुमच्या हातात आली. पगार महिना 250 डॉलर. टीममधल्या काही मुली तुमच्याहून एकाच वर्षाने लहान. गणवेश आदल्या वर्षी डोनट विकून घेतलेले. ते धुणार तुम्ही, आणि गावोगाव सामन्यांना न्यायची व्हॅन चालवणारही तुम्हीच. पहिला सामना एका गुणाने हरलात, मर्सरविरुद्ध, 84–83.

तेव्हा तुमचा स्वतःचा गुडघाही नुकताच जायबंदी झाला होता. कोचिंग, स्वतःचं शिक्षण आणि गुडघ्याचे व्यायाम हे सगळं एकाच वेळी रेटत तुम्ही 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकला पोचलात. ऑलिंपिकमध्ये मुलींचा बास्केटबॉल तेव्हा पहिल्यांदाच खेळला गेला. तिथे तुम्ही सहकर्णधार होतात आणि अमेरिकेला रौप्य मिळालं. आठ वर्षांनी लॉस एंजेलिसला कोच म्हणून सुवर्ण. हे लोक सांगतातच. मला जास्त भिडलेली गोष्ट वेगळी आहे.

टेनेसीच्या शाळांमध्ये त्या काळी मुली सहा-सहा जणींचा अर्ध्या मैदानाचा खेळ खेळायच्या. तीन मुलींनी फक्त बचाव करायचा, तीन मुलींनी फक्त बास्केट करायची. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. मुलींना पूर्ण मैदान धावणं झेपत नाही, अशी समजूत. तुम्ही सरळ सांगितलंत की हे असंच चालणार असेल तर मी माझ्या टीममध्ये टेनेसीच्या मुली घेणार नाही. स्वतःच्याच राज्याला असं सुनवायला किती धीर लागला असेल! वय तिशीच्या आतलं, नाव अजून व्हायचं होतं. 1979 साली राज्याने तो नियम काढून टाकला आणि टेनेसीच्या मुली पूर्ण मैदानावर पाच-पाच जणी खेळायला लागल्या.

जे आहे ते सगळ्यांसमोर, त्याच्या नावानिशी बोलायचं, ही तुमची सवय मला पुढे सगळीकडे दिसत गेली. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं. तास बुडवला तर खेळायचं नाही, मग ती कितीही मोठी खेळाडू असो. तुमची ती निळ्या डोळ्यांची नजर तर इथल्या लहान पोरांनाही माहीत होती. पण त्या नजरेखाली चार वर्षं पूर्ण खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. 38 वर्षांत एकही अपवाद नाही. तुमचे 1,098 विजय हा त्या वेळी पुरुष-महिला मिळून पहिल्या दर्जाच्या कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वोच्च आकडा होता. महिलांच्या बास्केटबॉलमध्ये तो पुढे 2020 साली टारा व्हॅनडर्व्हीर या कोचनी मागे टाकला. पदवीचा आकडा मात्र माझ्या आईला सगळ्यात आवडला असता. ती शाळेतल्या गळतीशी जन्मभर भांडली.

पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला तुम्हाला 13 वर्षं लागली, 1987 पर्यंत. नंतरच्या काळातला 1996–97 चा सीझन मला फार जवळचा वाटतो. त्या वर्षी तुमची टीम 10 सामने हरली. लोकांनी नाद सोडला होता, आणि शेवटी विजेतेपद तुमचंच. पुढच्याच वर्षी शमीक्वा होल्ड्सक्लॉ, टमिका कॅचिंग्ज आणि सेमीका रँडल एकत्र आल्या आणि 39 पैकी 39 सामने जिंकल्या. टमिकाला जन्मापासून कमी ऐकू यायचं. तुमच्याकडे आल्यावर ती त्याबद्दल मोकळेपणाने बोलायला लागली, हे मी वाचलं तेव्हा अजून माझ्या घरातलं काहीच मला दिसत नव्हतं.

आता 2011. जूनमध्ये आई सहा महिन्यांसाठी इकडे आली. एकच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारायची. आमटीत मीठ दोनदा, कधी अजिबातच नाही. अपार्टमेंटच्या आवारात फिरायला गेली की सगळ्या इमारती सारख्या दिसतात म्हणून दुसऱ्याच जिन्यापाशी उभी. मराठी मंडळाच्या गणपतीची तयारी चालली होती. तिथे कुणी विचारलं तर मी सांगायचे, प्रवासाचा शीण आहे अजून. दोन महिने झाले होते येऊन! फोनवर दादा म्हणायचा, वय झालं, होतं असं. वहिनीने एकदा हळूच सांगितलं की पेठेत लोक 'बाईंना भ्रम झालाय' म्हणतात, आणि म्हणून हल्ली आम्ही त्यांना लग्नाकार्याला नेत नाही. ते ऐकून मी रडले, आणि तरी कुणाला काही बोलले नाही.

23 ऑगस्टच्या संध्याकाळी टीव्हीवर तुम्ही दिसलात. आधी टीममधल्या मुलींना सांगून मग तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. मेयो क्लिनिकमध्ये तपासण्या झाल्या आहेत, अल्झायमरच्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे, तो कमी वयात सुरू झाला आहे. तेव्हा तुम्ही 59 वर्षांच्या होतात. कुणी कीव करायची नाही हेही बजावलंत, आणि कोच म्हणून काम चालू ठेवणार म्हणालात.

आई शेजारीच भेंडी चिरत बसली होती. विचारलं, "काय झालंय गं बाईंना?"

मी म्हणाले, "विसरण्याचा आजार आहे. अल्झायमर."

तो शब्द मी घरात पहिल्यांदा उच्चारला. आईने विळी बाजूला सारली. "मलाही तेच झालंय का?"

टीव्हीवर तुमचा चेहरा होता. तो समोर नसता तर मी नक्की खोटं बोलले असते. मी म्हणाले, "वाटतंय तसं."

"मग आधी सांगायचं नाही का," आई म्हणाली. "मी आपली समजत होते, माझंच काहीतरी चुकतंय."

पॅटबाई, या एका संध्याकाळसाठी हे सगळं पत्र आहे. आई दीड-दोन वर्षं स्वतःला दोष देत होती आणि आम्ही तिची अब्रू राखतोय असं समजून गप्प होतो.

त्या नोव्हेंबरात तिला तुमच्या सामन्याला घेऊन गेले. नदीकाठचं ते थॉम्पसन-बोलिंग स्टेडियम, हजारो माणसं, बँडचा कल्लोळ. मला धास्ती होती की ती बावरेल. ती मात्र स्कोअरबोर्डकडे बघत बसली आणि दर बास्केटनंतर दोन टीममधला फरक मोठ्याने सांगत राहिली, एकदाही न चुकता. "अकरा. नऊ. बारा." पुढच्या रांगेतल्या आजोबांना मराठी कळत नव्हतं, पण ते मागे वळून तिच्याकडे बघून मान डोलवायचे.

आणि मी तुमच्या बेंचकडे बघत होते. तुम्ही होतात, पण टाइमआउटमध्ये बऱ्याचदा हॉली वॉरलिक बोलायच्या. मिकी डेमॉस आणि डीन लॉकवुड या दुसऱ्या सहायकांकडेही कामं वाटलेली. हॉली कधी काळी तुमच्याच खेळाडू, मग 27 वर्षं तुमच्या सहायक. जे अजून जमतंय ते तुम्ही करत होतात, जे जात चाललंय ते विश्वासातल्या माणसांकडे सोपवत होतात, आणि हे सगळं हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत. कोचिंग म्हणजे काय ते मला त्या रात्री जितकं समजलं तितकं आधीच्या चार वर्षांत समजलं नव्हतं.

डिसेंबरात आईला घेऊन मी भारतात गेले. पुण्यात मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं, निदान झालं. मग आम्ही तिघांनी बसून कामं वाटली, आईसमोर आणि आईला विचारून. औषधं वहिनीकडे. बँक आणि पेन्शन दादाकडे. रोज संध्याकाळी साडेसहाला फोन करून दिवसभराचं तिच्याकडून वदवून घ्यायचं काम माझ्याकडे. भाजी निवडणं आणि नातवाचे पाढे आईकडेच ठेवले. शिवाय किराणावाले काका, कोपऱ्यावरचे रिक्षावाले, देवळातले गुरुजी, सगळ्यांना आजाराचं नाव घेऊन सांगितलं. 2013 च्या पावसाळ्यात आई एकदा छत्री घेऊन आपल्या जुन्या शाळेकडे निघाली, सुट्टी संपली असं समजून. रिक्षावाल्याने ओळखलं. त्याने तिला शाळेवरून एक फेरी मारून आणली, "बाई, आज रविवार आहे" म्हणाला आणि घरी सोडलं. त्याला आम्ही काहीच सांगितलं नसतं तर ती कुठे गेली असती या विचाराने अजून झोप उडते.

तुमचा शेवटचा सामना 26 मार्च 2012 ला झाला, त्या वर्षी एकही सामना न हरलेल्या बेलरविरुद्ध. एप्रिलमध्ये टीम तुम्ही हॉलींच्या हाती दिलीत. व्हाइट हाउसमधला तुमच्या 'मेडल ऑफ फ्रीडम'चा, म्हणजे इथल्या सर्वोच्च नागरी पदकाचा, समारंभ मी फोनवरून आईला वर्णन करून सांगितला. तिने विचारलं, शाळेत सुट्टी दिली का त्या दिवशी? तुमच्या नावाची संस्था आणि इथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयातलं तुमच्या नावाचं क्लिनिक आज अशा घरांना आधार देतं. माझ्या ओळखीतल्या दोन कुटुंबांना मी स्वतः तिथला रस्ता दाखवला आहे.

आई 2015 च्या दिवाळीनंतर गेली. शेवटी शेवटी मला ताई म्हणायची, तिच्या थोरल्या बहिणीला म्हणायची तसं. मी ओ द्यायचे. लग्नाकार्यात मात्र तिला आम्ही शेवटपर्यंत नेलं, पुढच्या रांगेत बसवलं.

तिची पर्स वहिनीने मला दिली. आजार कळल्यापासून ती सगळं चिटोऱ्यांवर लिहून ठेवायची. त्यात त्या सामन्याचं तिकीट निघालं. मागे तिच्या फळ्यावरच्या अक्षरात, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी, लिहिलं होतं: 'पॅटबाई. शिक्षिका. अमेरिका. मला झालं तेच.' आणि खाली दुसऱ्या शाईत, बहुधा पुन्हा कधीतरी वाचून: 'विचारपूस करणे.'

तेवढं राहिलं होतं, म्हणून लिहिलं.

तुमची,
साताऱ्याच्या बाईंची मुलगी