रुग्णालयाचा आकडा जिल्ह्याचा नव्हे

महोदय,

कर्करोगाच्या बातम्यांत बहुतेकदा एखाद्या रुग्णालयातले रुग्ण मोजलेले असतात. त्यावरून जिल्ह्यातला आजार कळत नाही. त्यासाठी लोकसंख्येवर आधारित नोंदणी लागते, म्हणजे ठरावीक भागातल्या सगळ्या रहिवाशांमधले कर्करोगाचे नवे रुग्ण मोजणारी. 1987 साली सुरू झालेल्या बार्शीच्या ग्रामीण नोंदणीत आपले परंडा आणि भूम तालुकेही येतात.

खरी मेहनत असते ती नोंदी जुळवण्याची. एकाच बाईची बायॉप्सी अंबाजोगाईला, रेडिएशन छत्रपती संभाजीनगरला; एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं. नाव, वय, गाव आणि गाठीची जागा ताडून पाहिली नाही तर एकीच्या दोघी होतात. उलट, ऊसतोड मजुराच्या केसपेपरवर कारखान्याचा पत्ता पडला की तो बीडच्या यादीतून गळतो. किमान वर्षभर जिथे राहिला तिथलाच रहिवासी धरतात, म्हणून मूळ गाव विचारायलाच हवं. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं ‘हृदय बंद पडल्याने’ लिहिलं, तर उपचाराविना गेलेला माणूस मोजणीत येतच नाही. असा कमी निघालेला दर पाहून खूश होण्यात अर्थ नाही.

दर काढताना रुग्णसंख्येला ज्या लोकसंख्येने भागतात, तीही 2011च्या जनगणनेवरून पुढे अंदाजलेली. त्यात तरुण पुण्याला गेले की गावात म्हातारी माणसं उरतात आणि लाखामागचा कच्चा दर (वयाचा विचार न करता काढलेला) फुगतो. दोन जिल्ह्यांची तुलना वयानुसार प्रमाणित दरानेच, म्हणजे दोन्हीकडे वयोगटांचं प्रमाण सारखं धरून काढलेल्या दराने, करावी.

आकडा छापताना क्षेत्र, वर्ष आणि दराचा प्रकार सोबत द्यावा, ही विनंती.

– सार्वजनिक आरोग्याचे काही अभ्यासक, लातूर