फाईल घाट चढली की

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तणतणलीस आणि मग 'जाऊ दे बाबा' म्हणून ठेवून दिलास, मला काय झोप येईना. तुझी आई म्हणते पोरीला उपदेश करू नका, तिला तिचं कळतं. म्हणून उपदेश नाही करत, पण चौतीस वर्षं ह्याच आरोग्य खात्यात घासली आहेत तर थोडं लिहितो, ओपीडी संपली की वाच.

तुझं म्हणणं असं की जिल्ह्यात आरोग्याला दोन साहेब नकोत, झेडपी बाजूला करा आणि सगळं एका साहेबाखाली आणा. मीटिंगमध्ये सूचना मागितल्यात तर तू हेच लिहून देणार. अर्धं बरोबर आहे तुझं.

मी ८४ ला आरोग्य सेवक म्हणून लागलो तेव्हा आमच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक म्हातारे होते, देवीची लस टोचत फिरलेले, म्हणून लोक त्यांना अजून देवी डॉक्टर म्हणायचे. देवी देशातून गेल्या तरी नाव राहिलं. त्यांच्या काळी मलेरियावाला वेगळा, देवीवाला वेगळा, कुटुंब नियोजनवाला आणखी वेगळा, आणि घर तेच. मालवणच्या बाजूला एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, "काल एक येवन गेलो, आज तू इलस, उद्या आणि कोण येतलो?" मग १९७३ साली कर्तारसिंग समितीने सांगितलं की हे सगळे एक करा, एकाच माणसाने सगळी कामं करायची. झाली बहुउद्देशीय योजना. कागदावर एकदम छान. पण म्हाताऱ्यांनी जन्मभर देवी काढलेल्या, आता त्यांना मलेरियासाठी रक्तनमुना घ्यायचा होता. बोटाला सुई टोचताना इतके हळू टोचायचे की रक्तच येईना, आणि मग जाड थेंब आणि पातळ थर एकाच काचेवर करताना दोन्हीचा चिखल. प्रयोगशाळेतून स्लाइड परत यायच्या. हुद्दा बदलून दहा वर्षं झालेली तरी ही तऱ्हा. मी शेजारी बसून शिकवायचो, माझ्या बापाच्या वयाचा माणूस, लाज दोघांनाही वाटायची.

आता दोन साहेबांचं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, त्यात पीएचसी आणि उपकेंद्रं झेडपीकडे, म्हणजे डीएचओ, जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय राहिलं राज्याकडे, म्हणजे सिव्हिल सर्जन. त्यावर २००५ पासून एनआरएचएम, म्हणजे केंद्राचं ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्याचे कंत्राटी लोक, त्यांचा वेगळा रिपोर्ट. आता आपल्या सिंधुदुर्गात मेडिकल कॉलेज आलं आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय त्याला जोडलं, तिथे डीन, आणि डीनचं खातंच वेगळं, वैद्यकीय शिक्षण. तू दोन म्हणालीस, मी मोजले तर चार भरले. आणि वर आपले उपसंचालक कोल्हापुरात! आपला महसूल बघतो बेलापूरचा कोकण भवन आणि आरोग्य बघतं कोल्हापूर, हे कोणी ठरवलं देव जाणे, पावसात करूळ घाट बंद पडला की आमची फाईलपण फोंडा घाटातून वळसा घेऊन जायची.

२०१६ ला दोडामार्ग तालुक्यात माकडताप निघाला, गोचिडीमुळे माकडांना आणि माणसांना होतो तो, तेव्हा मी हे सगळं एका जागी बघितलं. काजूच्या बागेत माकड मरून पडलंय, ते वनखात्याचं. त्याचं शवविच्छेदन पशुसंवर्धनचं. गोचिडी गोळा करायच्या तर हिवताप कार्यालय, ते परत राज्याचं. तापाचा माणूस पीएचसीत, म्हणजे झेडपीचा, तो सिरीयस झाला की सिव्हिल सर्जनचा, आणि असे निम्मे आमचा जिल्हा सोडून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जाणार. माकडाजवळ आम्ही तिघे वेगवेगळ्या खात्यांचे, नाकाला रुमाल लावून उभे, फोन करतोय आपापल्या साहेबांना. कोणीच वाईट नव्हता बरं, प्रत्येकाला फक्त आपल्यापुरतंच ठाऊक.

म्हणून जिल्ह्यात आरोग्याचा एकच मुख्य अधिकारी असावा हे मला पटतं. पण झेडपी काढू नको. एकदा लशींचा आयएलआर, म्हणजे लस थंड ठेवायचा फ्रीज, बंद पडला, आम्ही लस शेजारच्या पीएचसीत नेऊन ठेवली आणि दुरुस्तीचं पत्र वर गेलं ते गेलंच. तीन आठवडे. शेवटी झेडपीचे मेंबर लग्नात भेटले, जेवताना सांगितलं, तिसऱ्या दिवशी मेकॅनिक हजर. त्यांच्या नातवाचा डोस राहिला होता ही गोष्ट वेगळी! पण कोल्हापूरच्या साहेबाला मी कुठल्या लग्नात गाठणार होतो? तू म्हणशील लग्नात भेटून काम व्हावं हीच तर बोंब आहे. असेल. पण तो माणूस पंक्तीत हाताशी होता एवढं खरं.

तुझ्या सूचनेत खुर्च्यांचं कमी लिही. रेफर केलेल्या पेशंटचा कागद परत पीएचसीत आला पाहिजे आणि तो आणायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर पाहिजे, हे आधी लिही. मग साहेब एक असो की चार. बांबोळीने २०१८ ला गोव्याबाहेरच्यांना फी लावली तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, पण आपले किती जण तिकडे जातात आणि त्यांचं पुढे काय होतं ह्याचं रजिस्टर मी असेपर्यंत तरी आमच्या पीएचसीत नव्हतं.

आणि काल तू ज्या बाळंतिणीवरून एवढी चिडलीस, तिला तुमच्याकडून ग्रामीणला, तिथून ओरोसला, तिथून १०८ ने बांबोळीला नेलं एवढं सांगितलंस. पुढचं नाही सांगितलंस. कळलं नसेल तर उद्या सकाळी गावच्या आशा सेविकेला तिच्या घरी पाठव, आणि संध्याकाळी मला फोन कर.

बाबा