तुझी चारही गारमेंट बघून आलो

चिमणे,

काल रात्री फोनवर तू पार दमलेली होतीस, कॉलेजची ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम दाखवायचं ते, कशी झाली एवढंच विचारलं आणि ठेवला, म्हणून आज निवांत बसून सगळं टाईप करतोय. मम्मी शेजारी बसून हे सांगा ते सांगा करतीय, त्यामुळं इकडचं तिकडं झालं तर समजून घे.

कपड्यांचा शो कोल्हापुरात राजारामपुरीतल्या छोट्या हॉलमधे होता, एरवी तिथं साखरपुडे आणि बारशी होतात. मधून जाजम अंथरून चालायला वाट केलेली, दोन्ही बाजूला खुर्च्या, शंभर-सव्वाशे माणसं असतील. सात डिझायनर, सगळी आपल्याच भागातली पोरं, कोण गडहिंग्लजचं कोण मिरजेचं. मॉडेल म्हणजे त्यांच्याच मैत्रिणी, एकीची तर मावशी चालली, पन्नाशीची असेल, आणि सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच. मला ते फार आवडलं, कारण ड्रेस तिच्या अंगावर कसा बसलाय ते मम्मीला नीट बघता आलं.

एका पोरानं घोंगड्याचं जाकीट केलेलं. घोंगड्याच्या ताण्याला, म्हणजे उभ्या दोऱ्यांना, चिंचोक्याची खळ लावतात ना, म्हणून नवं घोंगडं कडक असतं, तर ह्यानं ते कडकपण तसंच ठेवून खांदे उभे केलेत, आत कडकपणासाठी लावतात तो कॅनव्हास घातलाच नाही म्हणाला. हे डोकं बघ. कापडाचा जो स्वभाव आहे त्याच्याकडनंच काम करून घेतलं. दुसऱ्या एका मुलीनं आजीच्या जुन्या इरकलीचे लांब कोट केलेले, रंग सुरेख, पण तिनं पदर आणि अंग जिथं जोडलंय तोच भाग शिलाईत दाबून टाकलेला. मला बघवलं नाही बाळा. इरकलीचा पदराचा ताणा वेगळा, अंगाचा वेगळा, दोन्हीचे दोरे एकमेकांत फास घालून जोडायचे आणि ते प्रत्येक साडीला नव्यानं करायचं, टोपटेणी म्हणतात त्याला. शो संपल्यावर तिला म्हणलं, पोरी हा जोड पाठीवर येऊ दे, लोकांना दिसू दे. तिनं लगेच मोबाईलमधे लिहून घेतलं, आणि मग कोटाची आतली बाजूच उलटून दाखवत बसली मला अर्धा तास.

पायात सगळ्यांच्या कोल्हापुरी होत्या, करकर आवाज करत यायच्या. चपला करणारा पोरगा आपल्या वडिलांना घेऊन आलेला. निवेदन करणाऱ्या मुलीनं त्या इटलीच्या प्राडा कंपनीची गोष्ट काढली, २०२५ च्या जूनमधे मिलानला त्यांच्या शोमधे तसली चप्पल आली आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं, बोंबाबोंब झाल्यावर त्यांनी मान्य केलं. २०१९ ला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालेली वस्तू आणि तरी ही गत. ते ऐकताना माझ्या मनात आलं, चपलेला निदान नाव तरी आहे. आपल्या कापडाला कुठलं नाव? १९०४ ला दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग लावला तेव्हापासून गाव विणतंय, मी स्वतः एकतीस वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा, म्हणून मागांवर काढली, पण ग्रे म्हणजे मागावरनं उतरलेल्या कोऱ्या कापडाचं थान घडी होऊन टेम्पोत चढलं की आपला संबंध संपला. पुढं ब्लीच, डाय, प्रिंट सगळं होऊन ते दुसऱ्याच्या नावानं दुकानात. अंगावर घातलेलं आपलं कापड ओळखायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.

आणि मग तुझी गारमेंट आली. चारही सलग.

लाईटखाली ते मांजरपाट, आपलं कोरं सुती कापड, कसं दिसलं तुला सांगता यायचं नाही मला. न धुतलेल्या पांढऱ्याचा तो सायीसारखा रंग, त्यात सरकीचे बारीक ठिपके, आणि एका ड्रेसला काठाचे दोन लाल दोरे तू कापून टाकले नाहीस, ते थेट गळ्यापासून खालपर्यंत आणलेस. तिसऱ्या ड्रेसला तर एका जागी दोरा तुटून परत बांधलेली गाठ होती, तू ती मुद्दाम समोर घेतलीस ना? मी ओळखली. रात्रपाळीत माग थांबवून बांधलेली गाठ असते ती. मम्मीनं माझा हात धरलेला आणि दोघंही काही बोललो नाही.

आता एक गोष्ट लपवत नाही. मागं बसलेली एक बाई हळूच म्हणाली, मांजरपाट कुणी अंगावर घालतं होय, ते मयताला लागतं. मम्मीपण तुला हेच म्हणालेली आणि तू रुसलेलीस. त्या बाईला उलट काही बोललो नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती, आपल्याकडं लोकांच्या मनात ते आहेच. पण लाल काठवाला ड्रेस आला तेव्हा हीच बाई पुढं वाकून बघत होती. म्हणून सांगतो, तो लाल दोरा सोडू नकोस, चारही ड्रेसना घे, हळदीचा पिवळापण चालेल.

चूक एकच, पण मोठी. तू कापड खळीसकट शिवलंस. विणायच्या आधी ताण्याला लावलेली सायझिंगची खळ पहिल्या धुण्यात निघून जाते आणि ग्रे कापड आटतं, हे तुला घरी लहानपणापासून माहिती आहे तरी घाईत राहून गेलं. शो नंतर एकीनं तुझा दोन नंबरचा ड्रेस विकत मागितला तेव्हा मी तिला आधी स्पष्ट सांगितलं, धुतल्यावर चार बोटं वर जाईल. तरी घेतला तिनं. पण पुढच्या वेळी कापड रात्रभर भिजव, दोन पाण्यातनं काढ, वाळव, इस्त्री कर आणि मगच कात्री लाव.

आणि किंमत बाराशे का लावलीस? साडेचार मीटर कापड, तुझी दोन दिवसांची शिलाई, हाताचं काजं-बटण, त्यात तुझी मजुरी कुठाय? मागावरच्या माणसाची मजुरी कायम कुणीतरी दुसऱ्यानंच ठरवली, तुझी तू ठरव. मी तिथंच चिठ्ठीवर खोडून दोन हजार चारशे केलं. ड्रेस घेणाऱ्या बाईनं एका शब्दानं घासाघीस केली नाही.

पैसे मम्मीकडं ठेवलेत, राहिलेली तीन गारमेंट कपाटात हँगरला आहेत. कारखान्याच्या दिवाणजींशी बोललोय, पुढच्या बीमला, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाला, काठाला लाल दोरा घालून एक थान तुझ्यासाठी वेगळं काढतो म्हणाले, फक्त पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती पाहिजे ते गुरुवारच्या आत कळव, नंतर माग दुसऱ्या क्वालिटीवर जातोय.

तुझे
पप्पा