पुड्यांबद्दल काल मी सगळ्यांना सांगितलं

प्रिय आई-बाबा,

बाबा, आधीच सांगून टाकते, काल रात्री मी काकांना, आत्याला आणि भाऊंना फोन करून पुड्यांचं सगळं सांगितलं, की तुमच्या गुडघ्याच्या त्या आयुर्वेदिक म्हणवणाऱ्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड होतं. घरातली गोष्ट घरात राहू दे असं तुम्ही डिस्चार्जच्या दिवशी म्हणाला होतात, ते माझ्या लक्षात आहे आणि तुम्हाला वाईट वाटणार हेही माहितीये. पण तिघंही त्याच माणसाकडून गुडघ्यासाठी पुड्या घेतात ना. त्यांना एवढंच कळलं होतं की तुमच्या अंगातलं मीठ कमी झालं म्हणून ॲडमिट केलं. आणि काका म्हणतात कसे, "आमच्या संपत आल्यात, आता परत आणायच्या नाहीत." असं एकदम बंद केल्यावरच तर तुम्हाला उलट्या झाल्या, बीपी खाली गेलं, मला ओळखेनासे झालात. मग मी गप्प कशी बसू, सांगा.

त्यांना मी बंद करा असं सांगितलेलं नाही. पुडी खिशात घालून दोन दिवसांत एमडी डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत मनाने काही थांबवू नका, असं सांगितलंय. आणि तुमचं नाव घेऊन कोणी एक शब्द बोललेलं नाही हो. आत्या तर रडलीच, दादाची तब्येत कशी आहे तेच विचारत होती.

तुम्ही लोकांना तिकडे पाठवलंत कारण तुमचा गुडघा खरंच थांबला होता. स्टेरॉइडने असं होतंच. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टर हेंच यांनी सांधेदुखीने जखडलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिझोन नावाचं स्टेरॉइड दिलं तर ती थोड्याच दिवसांत चालायला लागली, १९५० ला नोबेल मिळालं त्या शोधाला. चेहरा सुजणं, मूड बिघडणं हे सगळं नंतर लक्षात आलं. जे त्या मोठमोठ्या डॉक्टरांना आधी कळलं नाही ते तुम्हाला आयुर्वेदिक म्हणून दिलेल्या पुडीतून कसं कळणार होतं?

हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं परत लिहिते, तेव्हा तुम्ही ग्लानीत होतात. दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या बसलेल्या छोट्या ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसॉल बनवतात. बीपी, साखर, आजारपणात तग धरणं सगळं त्यावर चालतं. मेंदू त्यांना हुकूम देतो. बाहेरून रोज स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच औषध, यायला लागलं की मेंदू हुकूम द्यायचं थांबवतो आणि ग्रंथी आकसतात. म्हणून तर चेहरा गोल, मानेमागे गाठोडं, हातावर जांभळे डाग आणि तरी सकाळी आठच्या रक्तात कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच. ग्रंथी परत जाग्या व्हायला काही महिने लागतात, कधी वर्षही. तोवर कॉर्टिसॉलची कमी भरून काढायला या गोळ्या.

आई, हे तुझ्यासाठी. शरीराचं कॉर्टिसॉल पहाटेपासून वाढतं, सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्री सगळ्यात कमी. बाबा पुडी घ्यायचे रात्री जेवल्यावर. म्हणून रात्री दोनला उठून माळ्यावरची भांडी काढत बसायचे, तू आवाज केलास की अंगावर यायचे, आणि सकाळी त्यांना आठवायचंही नाही. आपले बाबा कधी ताट सरकवून उठलेत का गं? राग, झोप उडणं, विसरणं, स्टेरॉइड मेंदूवर हे सगळं करतं. तू जे मनात धरून बसली आहेस ना ते सोड आता, औषध बोलत होतं ते.

मी तापाने फणफणले की बाबा तुम्ही रात्रभर उशाशी बसून मीठ-पाण्याच्या घड्या ठेवायचात, डोळा उघडला की तुमचा हात दिसायचा. तुम्हाला ताप आला तर मात्र घड्यांवर भागवायचं नाही! ताप आला की डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे गोळी डबल करायची आणि मला फोन करायचा. उलटी होऊन गोळी पोटात राहिली नाही तर हायड्रोकॉर्टिझोनचं १०० चं इंजेक्शन फ्रीजवर ठेवलेल्या डब्यात आहे, शेजारच्या सिस्टरना मी दाखवून ठेवलंय, ते घ्यायचं आणि तडक हॉस्पिटल. उद्या सकाळी बरं वाटेल म्हणून थांबायचं नाही.

सकाळची १० ची गोळी उठल्यावर, ५ ची दुपारी, रात्री नाही. स्टेरॉइडने साखर जास्त करून जेवणानंतर चढते, म्हणून शिबिरात उपाशीपोटी तपासलेली नॉर्मल आली होती, आता जेवणानंतरची पण करायची. मांड्यांची ताकद गेलीये म्हणून उंच खुर्ची आणि कमोडचा स्टँड पाठवलाय, नको म्हणू नका, शनिवारी येईल. आई, पायरीवर दिवा लावून ठेव. हाडं ठिसूळ झाली असतील, मणक्याचा डेक्सा (हाडं किती ठिसूळ झालीत ते बघायची तपासणी) मी पुढच्या महिन्यात आले की करू, तोवर पाण्याचा कॅन बाबांनी उचलायचा नाही.

स्टेरॉइड चालू असल्याचं कार्ड कायम पाकिटात. दात काढायला गेलात, मोतीबिंदूला गेलात तरी आधी ते दाखवायचं.

आणि बाबा, एक काम आहे. काका माझं ऐकतील असं वाटत नाही, तुमचं ऐकतील. आज जेवण झालं की त्यांना फोन लावा आणि उद्या डॉक्टरकडे जाणार का ते विचारा.

तुमची,
चिमी