बिलावर फिलिंगची शेड लिहिता, मग खाली काय भरलं तेही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला पांढऱ्या फिलिंगवरचा लेख वाचला. रंग हुबेहूब जुळतो, चांदीसारखं काळं दिसत नाही, एका बैठकीत काम उरकतं, हे सगळं त्यात आलं आहे. फिलिंगच्या खाली आणि कडेला काय चालतं, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. इंदुरातल्या एका दंतवैद्यांकडे खुर्चीशेजारी उभं राहून सिमेंट कालवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून हे लिहिते आहे.

चांदीच्या, म्हणजे पारा घातलेल्या मिश्रधातूच्या फिलिंगच्या काळात खोल खड्ड्यात आधी झिंक फॉस्फेट या सिमेंटचा थर द्यायचा. तो काचेच्या जाड पाटीवर कालवायचा; पूड थोडीथोडी घेत, पाटीभर फिरवत, कारण कालवताना तो तापतो आणि तापला की भराभर आवळतो. मे महिन्यात पाटी नळाखाली धरून गार करायची आणि थेंबही राहणार नाही अशी पुसायची. त्यावर चांदी. ती दाताला चिकटत नाही, पण काही काळाने तिच्याच गंजाने कडेची फट बुजत जाते. हात जरा कच्चा असला तरी चांदी सांभाळून घ्यायची.

पांढरा मसाला, म्हणजे कॉम्पोझिट, कुणालाही सांभाळून घेत नाही. निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना तो साधारण २ ते ३ टक्के आकसतो आणि पकड जिथे कमी तिथून सुटतो. म्हणून तो दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरायचा आणि प्रत्येक थराला पुरता प्रकाश द्यायचा. वरच्या इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या कडक कवचाच्या, कडेला पकड छान मिळते. १९५५ साली बुओनोकोर या दंतसंशोधकांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरखरीत करून घ्यायची वाट दाखवली, आजची निळी जेल त्याच वाटेवरची. खरी परीक्षा असते दोन दाढांच्या मध्ये, हिरडीलगतच्या तळाशी. तिथे इनॅमल पातळ, कधी अजिबात नसतं. लाळ झिरपते, हिरडीतून रक्त येतं, प्रकाशाची नळीही लांबच राहते. पुढे कीड शिरते ती बहुधा तिथूनच. रबर डॅम, म्हणजे दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा, लावला की निम्मा त्रास टळतो, पण तो लावायला वेळ जातो आणि वेळेचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. (डॉक्टरही नाहीत आणि पेशंटही नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते.)

आता लाइनरबद्दल, म्हणजे फिलिंगखाली देतात त्या औषधी पातळ थराबद्दल. ‘खाली औषध घातलं नाही म्हणून ठणकतंय’ असं सर्रास म्हटलं जातं. सराफ्यातल्या खाऊगल्लीत गरम गराडू खाऊन वर शिकंजी प्यायली की फिलिंग केलेल्या दाढेतून सणक जाते आणि दोष लाइनरला मिळतो. अशा वेळी बहुतेकदा कड उघडी राहिलेली असते, नाहीतर बाँडिंग, म्हणजे मसाला दाताला चिकटवणारा द्रव, नीट बसलेलं नसतं. इनॅमलखालच्या डेंटिनच्या थरात सूक्ष्म नळ्या असतात. त्यांच्यातला द्रव गार-गरम लागलं, दाब पडला की हलतो आणि नस बोंबलते. तोंड बंद न झालेल्या नळ्यांवर रंग कितीही जुळला तरी काय उपयोग? उथळ आणि मध्यम खड्ड्यांत वेगळ्या लाइनरमुळे ठणका कमी होतो, असा ठाम पुरावा २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेतही (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) सापडला नाही.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे लाइनरचं औषध नसेच्या अगदी जवळ, टाचणीच्या डोक्याएवढं पुरतं. ते कमकुवत असतं, हळूहळू विरघळतं, आणि तळभर फासलं तर बाँडिंगला चिकटायला जागाच उरत नाही. लवंगेच्या तेलाचं सिमेंट तर पांढऱ्या मसाल्याखाली नकोच, त्यातलं युजेनॉल मसाला नीट घट्ट होऊ देत नाही.

माझं मत विचाराल तर खोल खड्ड्यात आणि त्या हिरडीलगतच्या तळाला ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट. ते दातातल्या कॅल्शियमशी स्वतःच जुळतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. पण ते कालवायलाही माणूस लागतो. कागदी पॅडवर, प्लॅस्टिकच्या पात्याने, अर्ध्या मिनिटात एकजीव करायचं आणि वर ओली चकाकी आहे तोवर दातात गेलं पाहिजे. चकाकी म्हणजे दाताला धरू शकेल असं आम्ल अजून शिल्लक आहे. ती गेली की गोळा टाकून द्यायचा, महाग असला तरी. मी टाकून दिला की आमचे डॉक्टर डोळे वटारायचे, पण ‘दुसरा कालवा’ असंच म्हणायचे.

युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून दातात चांदी भरणं जवळपास बंद झालं. आपल्याकडेही ती मागे पडते आहे, तेव्हा सगळा भार पांढऱ्यावरच येणार. माझी मागणी एवढीच आहे की पेशंटला द्यायच्या चिठ्ठीवर दाढेचा क्रमांक, तारीख, तळाशी काय भरलं आणि बाँडिंग कोणतं वापरलं, हे लिहिलेलं असावं. सध्या बिलावर शेड ‘ए-२’ (रंगाच्या छटेचा क्रमांक) आणि रक्कम, एवढंच दिसतं. बाँडिंगचा थर जाड साचला तर एक्स-रेवर काळी सावली दिसते आणि नवा डॉक्टर तिला कीड समजून चांगलं फिलिंग उकरून काढू शकतो. चिठ्ठी हाती असली तर निदान विचार तरी करेल. आपल्या शहरातल्या सरकारी दंत महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकांकडून या चिठ्ठीचा नमुना करून घेऊन आपण पुरवणीत छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त दवाखाना-सहायिका, रामबाग, इंदूर